थकवा जात नाही म्हणून मल्टीव्हिटॅमिन घेताय? आधी थकव्याचं कारण शोधा

निवांतवारा

दोन वर्षं मी रोज सकाळी एक मल्टीव्हिटॅमिन आणि केसांसाठी म्हणून बायोटिनची कॅप्सूल घेत होते. थकवा हे कारण. दोन मजले चढले की मांड्या भरून यायच्या, दुपारी ३ नंतर अंगात काही उरायचंच नाही, नऊ-नऊ तास झोपूनही उठताना अंग जड. सगळे म्हणाले व्हिटॅमिन कमी पडत असतील, घे गोळ्या, नुकसान तर काही होत नाही. घेतल्या. पहिले दोन महिने बरंही वाटलं, मग परत तेच, मग मी ब्रँड बदलला, मग अजून एक बदलला.

शेवटी निघालं काय तर थायरॉईड कमी काम करतोय. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे आदल्या वर्षी केलेला थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला होता! दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं की औषधं सोडून अजून काय काय घेता, मी बायोटिन सांगितलं तर म्हणाले आधी ते काही दिवस बंद करा मग रक्त द्या. मोठ्या डोसचं बायोटिन काही लॅबच्या टेस्टमध्ये घोळ घालतं, टीएसएच (थायरॉईड कमी काम करत असेल तर रक्तात वाढणारं हार्मोन) असतो त्यापेक्षा कमी दिसू शकतो, म्हणजे वाढलेला असला तरी कागदावर नॉर्मल. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिलाय, हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन टेस्टसुद्धा त्यात येते.

माझं मत सरळ आहे. कमतरता असेल तर गोळी हे औषध आहे. कमतरता नसेल तर तिच्यातून ताकद येत नाही. व्हिटॅमिन म्हणजे इंधन नव्हे, खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढायच्या कामात ते हाताखालचे लोक आहेत, पुरेसे असले की अजून दहा आणून काम वाढत नाही. लघवी पिवळीजर्द होते ना, ते जास्तीचं रायबोफ्लेविन (व्हिटॅमिन बी२) बाहेर पडतंय.

दगडफूल

सॉरी पण एवढं सरसकट लिहू नका. मी जन्मापासून शाकाहारी. चाळिशीत तळपायांना मुंग्या, शब्द आठवायचे नाहीत, जरा चाललं की धाप. बी१२ तपासलं तर फारच खाली. आधी इंजेक्शनं, मग गोळ्या, ४-५ महिन्यांत मी परत माणसात आलो. बी१२ रोज लागतं किती, तर मोठ्या माणसाला २.४ मायक्रोग्रॅम, पण दूध-अंडी-मांस-मासे सोडले तर ते नैसर्गिकरीत्या मिळण्यासारखं जवळजवळ काही नाही. जे दूधही घेत नाहीत त्यांनी तर गोळी किंवा फोर्टिफाइड (वरून बी१२ घातलेले) पदार्थ घ्यायलाच पाहिजेत, त्यात कारण शोधत बसायचं काय? तोपर्यंत नसा खराब होतात आणि उशीर झाला तर त्या पूर्ण भरून येतीलच असं नाही.

तुमचं वाचून एखादा गोळी बंद करेल त्याची जबाबदारी कोणाची?

निवांतवारा

दगडफूल, तुम्ही तपासलंत ना पण! तुम्हाला काय कमी आहे ते कळलं आणि तेच घेतलंत. मी अंदाजाने सगळंच घेण्याच्या विरोधात आहे. आणि अंदाजाने घेण्यात तुमच्याच बाबतीत धोका होता: बी१२ कमी असताना कोणी नुसतं फॉलिक अॅसिड भरपूर घेत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

कायम शाकाहारी असणाऱ्यांचा मुद्दा मात्र बरोबर, तिथे कारण आधीच माहीत आहे.

लोखंडीवाट

मी १० वर्षं वजनं उचलतोय, कुठलीही कमतरता नाही, आणि तरीही सप्लिमेंटचा फायदा होतो हे छातीठोकपणे सांगतो. क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम. स्नायूला एकदम जोर लावायचा असतो तेव्हा पहिले काही सेकंद फॉस्फोक्रिएटिनवर (क्रिएटिनपासून बनलेला, स्नायूतला झटपट ऊर्जेचा साठा) निघतात, तो साठा वाढला की सेटमधले शेवटचे एक-दोन रेप्स जास्त निघतात, आणि ते आठवडेच्या आठवडे साठत गेलं की ताकद वाढते. यावर ढिगाने अभ्यास झालेत. तसंच कॅफीन, वजनाच्या किलोमागे साधारण ३ मिलिग्रॅम घेतलं तर लांब पल्ल्याच्या धावण्यात फरक पडतो. म्हणजे "कमतरता नाही तर उपयोग नाही" हे चूक.

आणि लोक ताकद आणि दम एकच समजतात हा खरा घोळ आहे. क्रिएटिनने जिना चढताना दम लागायचा थांबणार नाही. दम हृदय, फुप्फुसं, रक्त आणि रोजच्या चालण्याचा आहे.

निवांतवारा

मान्य, क्रिएटिन आणि कॅफीनबद्दल मी वाक्य मोठंच टाकलं. मी व्हिटॅमिनांबद्दल बोलत होते. पण तुमचं क्रिएटिनही व्यायामाशिवाय घेणाऱ्याला काय देणार? आणि किडनीची टेस्ट करायच्या आधी ते डॉक्टरांना सांगायला हवं, क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायला रक्तात मोजतात ते) वाढलेलं दिसतं आणि उगाच घबराट होते.

पाऊलखुणा

मी निवांतवाराच्या बाजूने. माझं हिमोग्लोबिन १२.४, म्हणजे बायकांसाठी १२ ची रेषा आहे तिच्या वर, त्यामुळे प्रत्येकाने "रिपोर्ट छान आहे" म्हणून घरी पाठवलं. पाळीत रक्तस्राव खूप व्हायचा हे मला कोणी विचारलंच नाही. फेरिटिन (शरीरात लोहाचा साठा किती ते सांगणारी टेस्ट) केलं तेव्हा ९ निघालं. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) १५ च्या खाली गेलं की मोठ्या माणसात लोह कमी धरतं. म्हणजे तिजोरी रिकामी आणि खिशात चिल्लर, तशी गत.

आणि तोपर्यंत वर्षभर मी मल्टीव्हिटॅमिन घेतच होते, त्यात लोहही होतं! पण ते थोडंसं, त्याच गोळीत कॅल्शियम, वरून मी ती चहाबरोबर घ्यायची. चहा-कॉफी आणि कॅल्शियम दोन्ही लोह नीट शोषू देत नाहीत. नंतर लोहाची वेगळी गोळी दिली ती एक दिवसाआड. कारण गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते पुढच्या डोसची वाट अडवतं, असं समजावून सांगितलं. तीन महिन्यांनी टेकडी न थांबता चढले, खरंच रडू आलं.

एकच कळकळीने सांगते, लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. थोड्याशा गोळ्याही त्यांच्या जिवावर बेतू शकतात.

सरळरेघ

सगळे आपापल्या आजाराच्या कथा सांगताय पण दिवसाला एक साधी मल्टीव्हिटॅमिन, सगळं रोजच्या गरजेइतकंच, यात वाईट काय ते अजून कोणी सांगितलेलं नाही. ज्याचं जेवण वेळेवर नाही, जो एकटा राहतो, ज्याला डझनभर टेस्ट करणं जमणार नाही, त्याने काय करायचं? मी घेतो आणि घेत राहणार. मला बरं वाटतं. यात चूक काय आहे?

पहाटरंग

सरळरेघ, साध्या डोसचं चालेल हो, पण लोक साध्यावर थांबत नाहीत. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला, निकाल १९९४ मध्ये आला. कॅन्सर टळावा म्हणून रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं आणि फुप्फुसाचा कॅन्सर उलट १८ टक्क्यांनी जास्त निघाला. २००९ चा एक अभ्यास तर व्यायाम करणाऱ्यांवरचाच, रोज व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट घेणाऱ्यांना व्यायामाने इन्शुलिनच्या बाबतीत होणारा फायदा झालाच नाही.

सरळरेघ

तुम्ही स्वतःच लिहिलंय, रोज २० मिलिग्रॅम आणि तेही सिगारेट ओढणाऱ्यांना. माझ्या गोळीत एवढं नसतं आणि मी सिगारेट ओढत नाही. दुसरा अभ्यास इन्शुलिनबद्दल होता, स्टॅमिनाबद्दल नाही. मोठ्या डोसचे निकाल दाखवून छोट्या डोसला घाबरवायचं हा वाद मला पटत नाही.

सांजसावली

मोठ्या डोसबद्दल मला लिहायचंय. आईला (वय ७४) व्हिटॅमिन डी आठवड्यातून एकदा घ्यायला दिलं होतं, ती रोज घेत राहिली, कारण पाकिटावरचं बारीक लिहिलेलं दिसलं नाही आणि "जीवनसत्त्वच आहे ना". दोन महिन्यांनी मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, अर्धवट गुंगीत बोलणं. रक्तात कॅल्शियम खूप वाढलं होतं, दवाखान्यात ठेवावं लागलं. डी चरबीत विरघळणारं आहे, शरीरात साठतं, निचरा व्हायला आठवडे लागतात. मोठ्या माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दिवसाला ४००० युनिटच्या वर जाऊ नये असं धरतात, आणि ती त्याच्या कितीतरी पट घेत होती. मी त्याच घरात होते आणि माझं लक्ष नव्हतं, हे मला अजून झोपू देत नाही.

दगडफूल

सांजसावली, तुमचा दोष नाही, खरंच. लिहून देणाऱ्याने मोठ्या अक्षरात वार लिहून द्यायला हवा होता. आता आई कशा आहेत? आणि त्या डायबिटीससाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर बी१२ तपासून घ्या, वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होतं. अॅसिडिटीच्या गोळ्या रोज चालू असतील तरी.

सांजसावली

मेटफॉर्मिन ८ वर्षं चालू आहे. हे कोणी सांगितलंच नव्हतं, सोमवारीच रक्त देऊ. आता बरी आहे. फिजिओथेरपिस्टनी एकच व्यायाम दिलाय, हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. सुरुवातीला दोनदा जमायचं, काल सात वेळा उठली.

लोखंडीवाट

सात म्हणजे मस्तच! फक्त रोज नको, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे विश्रांती. जेवणात प्रोटीन किती जातंय तेही बघा, पण किडनीचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून मगच वाढवा.