घोड्याचा पाय मोडला म्हणून मारायचं कशाला?
पाय मोडलेल्या घोड्याला दयामरण दिल्याबद्दल लोक हळहळतायत, त्यावर ‘प्लॅस्टर घालता आलं नसतं का?’ असं एकाने विचारलंय. घोडा महिनोन्महिने आडवा पडून राहू शकत नाही. उभा राहिला की भार उरलेल्या पायांवर येतो आणि खुरं आतून सुजून निकामी होतात. २००६ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली घोड्यांची शर्यत जिंकलेल्या बार्बारो या घोड्याचं हेच झालं. त्याच मे महिन्यात, पुढच्या शर्यतीत मागचा उजवा पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली, आठ महिने झुंजला. जानेवारी २००७ मध्ये दयामरण द्यावं लागलं. हाड बरंचसं जुळलं होतं हो, खुरांनी दगा दिला!

आणि ‘जनावरासाठी कसला एवढा शोक’ म्हणणाऱ्यांनी पोळ्याला नाशिकहून जरा सिन्नर-निफाडकडे चक्कर मारावी, आणि ज्याचा बैल यंदा गेलाय त्याला हा प्रश्न विचारून बघावा.