बॅक्युला: अख्खा बॅकअप नको, फक्त राजापुरीच्या पट्ट्या परत हव्यात

मार्केटयार्डकर, सांगली
नमस्कार मंडळी. हळदीच्या अडत दुकानाचा सर्व्हर बघतो. बुधवारी दुपारी कुणीतरी पट्ट्यांच्या (शेतकऱ्याला देतो त्या विक्रीच्या हिशोबाच्या) फोल्डरातल्या राजापुरी जातीच्या हळदीच्या सगळ्या फाइली उडवल्या, सेलमच्या तेवढ्या राहिल्या. बॅकअप रोज रात्री बॅक्युला या प्रोग्रामनं होतो. त्याच्या बीकन्सोलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, रिस्टोअर टाकून यादीतला ५ नंबर घेतला, तर आतही राजापुरी गायब! सगळंच परत ओतलं तर नंतरचे सौदे पुसले जातील. शेतकरी पट्टीची नक्कल मागतायत.

कृष्णाकाठ
माउसनं निवडायचं बघा की, कशाला कमांडच्या नादी लागता?

मार्केटयार्डकर, सांगली
सर्व्हरला स्क्रीनच नाही हो. पुट्टीतून, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कमांड लिहीत बसलोय.

कास_पठार, सातारा
५ म्हणजे सगळ्यात ताजा बॅकअप. तुमच्या बॅकअपच्या जॉबला अ‍ॅक्युरेट ही सेटिंग चालू असणार, त्यामुळं बुधवारी रात्रीच्या इन्क्रिमेंटलनं (फक्त बदल तेवढे घेणाऱ्या बॅकअपनं) खोडलेल्या फाइलींचीही नोंद घेतली. ते बंद असतं तर खोडलेलंसुद्धा निवडायच्या फाइलींच्या झाडात दिसलं असतं.

५ ऐवजी ६ घ्या, म्हणजे दिलेल्या वेळेआधीचा बॅकअप. वेळ विचारेल, तिथं बुधवार सकाळ द्या: २०२५-०६-१८ ०९:००:०० असं, आकडे अर्थात इंग्रजी. मग डॉलरचं चिन्ह येतं. सीडीनं फोल्डरात शिरा, एलएस मारून यादी बघा. मार्क लिहून पुढं राजापुरी आणि ताऱ्याचं चिन्ह (*), की त्या नावानं सुरू होणाऱ्या सगळ्यांवर खूण होते. पुन्हा एलएस केलं की त्यांच्यापुढं तारा दिसेल. चुकून जास्त आलं तर अनमार्कनं खूण काढा. फाइल कुठल्या फोल्डरात होती तेच माहीत नसेल तर फाइंडनं शोधा.

निवड संपवायला डन मारायच्या आधी एस्टिमेट माराच. किती फाइली, किती बाइट ते सांगतं. पाच सेकंदांचं काम, पण लोकांना तेवढाही धीर नसतो.

डननंतर लगेच यस नको! मॉड (बदल) घ्या आणि व्हेअरमध्ये, म्हणजे फाइली कुठं ठेवायच्या तिथं, वेगळं फोल्डर द्या. तिथं उघडून बघा, मग जागेवर कॉपी करा.

मार्केटयार्डकर, सांगली
आल्या सगळ्या! एकच राहिलं. मार्चची एक जुनी पट्टी हवी होती, तर म्हणतो फाइल निवडता येणार नाही, सगळं रिस्टोअर करू का?

कास_पठार, सातारा
फाइल रिटेन्शन (फाइलींची नावं किती दिवस ठेवायची ते) दिलेलं नसेल तर बॅक्युला ६० दिवस धरतं. पुढं कॅटलॉगमधली (बॅकअपच्या नोंदवहीतली) नावं छाटली जातात, व्हॉल्यूमवरचा (बॅकअप साठवलेल्या फाइल किंवा टेपवरचा) माल मात्र तसाच असतो. आधी लिस्ट व्हॉल्यूम्स करून ते व्हॉल्यूम नंतर पुन्हा वापरलं गेलं नाही ना ते बघा. नसेल आणि डिस्कवर जागा असेल तर सरळ हो म्हणा, पण व्हेअर बदलूनच. जागा नसेल तर बीस्कॅन ही कमांड चालवा. ते व्हॉल्यूम वाचून नावं परत कॅटलॉगमध्ये भरतं. रात्री लावून घरी जा.