घरात हायपॉक्सिक तंबू: ठाण्याच्या फ्लॅटमध्ये कसा बसवावा?

घोडबंदर_कोच:
माझ्याकडची १०,००० मीटरची धावपटू नोकरीमुळे महिनाभर उंचीवरच्या सरावासाठी उटीला राहू शकत नाही. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये हायपॉक्सिक तंबू (पलंगावरचा तंबू, यंत्राने आत कमी ऑक्सिजनची हवा सोडून उंच डोंगरासारखी स्थिती करणारा) भाड्याने लावायचा विचार आहे. झोप रोज आठ तास. उंची किती ठेवावी? यंत्र कुठे ठेवावं? आणि मे महिन्याच्या उकाड्याचं काय?

वाशी_ट्रॅक:
सर, आधी तासांचा हिशेब करा. शंभर तासांमागे एकूण हिमोग्लोबिन जेमतेम १ टक्का वाढतं, त्यामुळे नुसत्या आठ तासांच्या झोपेत फार हाती लागत नाही. रोज १२ तास, सलग तीन-चार आठवडे जमणार असतील तरच भाडं भरा. दुपारची झोप, वाचन, मोबाईल सगळं आतच.
पहिल्या तीन रात्री ऑक्सिजन १६.८ टक्के (१८०० मीटर), मग १६.४, आठवडाअखेर १५.४, म्हणजे २५०० मीटर. त्यापुढे जाऊ नका, झोप मोडते आणि इंटरव्हल (मध्ये थांबत वेगाने धावण्याचा सराव) बिघडतात. झोपेत ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन सतत ८८ टक्क्यांच्या खाली राहिला तर एक पायरी मागे या. सराव मात्र बाहेर, नेहमीच्याच हवेत. सरावात तोंडावर बांधतात त्या मास्कने फक्त श्वास अडतो, ऑक्सिजनचं प्रमाण कमी होत नाही.

येऊर_चढ:
महिनाभर आधी रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि सीआरपी (सूज दाखवणारी तपासणी) एकत्र तपासा, कारण अंगात सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर तंबू पुढे ढकला आणि डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या सुरू करा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही. सिकलसेलची तपासणीही राहू देऊ नका.

उपवन_पहाट:
यंत्र बाल्कनीत अजिबात नको. दमट हवा आत गेली की नळीत पाणी साचतं, ऑक्सिजनचा सेन्सर चुकीचा आकडा दाखवतो आणि यंत्रातली ऑक्सिजन वेगळा करणारी चाळणीही खराब होते. बेडरूमचं दार किलकिलं ठेवून यंत्र पॅसेजमध्ये ठेवा, म्हणजे एसीची कोरडी हवा ओढली जाईल आणि आवाजही लांब राहील. नळी दाराखाली चेपली तर हवेचा प्रवाह कमी होतो, तेवढं बघा. एसी २२ वर, कारण कापडाआड चांगलंच गरम होतं. घोडबंदरला धूळ फार, फिल्टर दर आठवड्याला साफ करा. सेन्सर रोज बाहेरच्या हवेत २०.९ टक्क्यांना जुळवा.

घोडबंदर_कोच:
आभार. रात्री वीज गेली तर?

उपवन_पहाट:
यंत्र थांबलं की ताजी हवा थांबते. पलंगभर तंबूत (सुमारे २००० लिटर) एकटं माणूस तासाला अर्धा टक्का तरी कार्बन डायऑक्साइड वाढवतं. डोक्यापुरत्या तंबूत ते कितीतरी पटीने लवकर, म्हणून तो घेऊ नका. बॅटरीवर चालणारा कार्बन डायऑक्साइडचा अलार्म आत टांगा, ०.५ टक्क्याला वाजेल असा. तंबूची चेन आतून एका हाताने उघडते ना, हे भाड्याने घेतानाच तपासा.

वाशी_ट्रॅक:
तंबूला वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) बंदी नाही. पण ॲथलीट पासपोर्टसाठी (खेळाडूच्या रक्ताच्या आकड्यांची उत्तेजकविरोधी नोंद) रक्त घेताना मागच्या दोन आठवड्यांत असं यंत्र वापरलं का, हे विचारतात. तारखा आणि तास वहीत लिहून ठेवायला सांगा तिला.