पित्ताशय काढलं, आता ओल्या खोबऱ्याचं काय करू?

माडाखालची
नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याजवळची, वय 52. पित्ताशयात खडे होते, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, आज अकरावा दिवस. पोटावर चार भोकं, सुकत आलीत. पहिले तीन दिवस पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकत होता. ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात त्याने तो दुखतो, हे मागाहून कळलं. मी आपली बाम चोळत बसलेली.

सोडताना एवढंच सांगितलं, तेलकट-तुपकट टाळा. अहो, पण आमच्याकडे तेलापेक्षा नारळ जास्त खपतो! आमटीत वाटप, भाजीवर खोबरं, सोलकढीत रस, घावन्यांबरोबर चटणी. ते तेलकटात धरायचं की नाही? आठ दिवस उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला पापड. सासूबाई तुपाची वाटी घेऊन उभ्याच, "अगो, तुपान काय्येक होवचा नाय." परवा राहवलं नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं दोन डाव भातावर घेतलं आणि अर्ध्या तासात संडासकडे धावले.

नणंद म्हणते, जन्मभर खोबरं बंद. शेजारीण म्हणते, पित्ताची पिशवीच गेली, आता पित्त होणारच नाही, खा काय हवं ते. आणि चतुर्थी तीन आठवड्यांवर. मोदक मी वळायचे आणि बघत बसायचं?

देवगडचा पेन्शनर
ताई, माझं 2019 साली झालं. आज खोबरं, बांगडा सगळं खातो. पण घाई केली नाही. बायको वाटप घालायच्या आधी माझ्यापुरती आमटी वाटीत काढून ठेवायची, वेगळा स्वयंपाक नको नि काही नको. सोलकढीऐवजी तिवळ, म्हणजे नारळाच्या रसाशिवायचं आमसुलाचं पाणी, प्यायचो. तिसऱ्या आठवड्यात भाजीवर चमचाभर खोबरं घेतलं, दोन दिवस वाट पाहिली, मग दोन चमचे. एका वेळी एकच नवा पदार्थ, नाहीतर बाधलं काय ते कळत नाही.
मी फसलो तो काजूंनी. गप्पा मारता मारता मूठभर भाजलेले काजू गेले, रात्रभर जागा.

रत्नागिरीची परिचारिका
शेजारणीचा घोळ आधी सोडवते. आपण ज्याला 'पित्त झालं' म्हणतो ती जठरातली आम्लता. पिशवीत असतो तो पित्तरस, आणि तो बनतो यकृतात, रोज अर्धा ते एक लिटर. पिशवी फक्त साठवून दाट करायची आणि जेवणात स्निग्ध आलं की एकदम सोडायची. आता तो थेंब थेंब आतड्यात उतरत राहतो. म्हणून एका बैठकीत भरपूर तूप किंवा नारळ आला तर पचायला पुरत नाही, पोट बिघडतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत जमून येतं. जन्मभर बंदी नाही.

ओल्या खोबऱ्यात साधारण एक तृतीयांश स्निग्धच असतं, तेव्हा हो, ते तेलकटातच धरा. पण सांबाऱ्याचा सगळा दोष नारळावर घालू नका. काळे वाटाणे धडधाकट माणसालाही वायू करतात! थोडं थोडं पाच-सहा वेळा खा. मुगाचं वरण, दुधी, पडवळ, केळं चालेल. गौरी गेल्यावर मासे सुरू कराल तेव्हा आधी मुडदुशी, तीही कमी तेलाच्या कालवणात. बांगडा-तारली नंतर.

महिना उलटूनही पातळ होतच राहिलं तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, पोटात जोराची कळ किंवा टाक्यांतून पू, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. आणि पिशवी तपासायला पाठवली असेल तर तो रिपोर्ट आणा. लोक खड्यांची बाटली हौसेने घरी नेतात आणि रिपोर्ट तिथेच राहतो.

खाडीपलीकडचो
खावचा ऱ्हवला बाजूक, विहिरीवरसून कळशी उचलू नको हां. माझ्या आवशीन पंधराव्या दिवशी उचलली, बेंबीकडचो टाको परत दुखाक लागलो.

माडाखालची
सगळ्यांचे आभार. कळशी लेकाकडे दिली, कुरकुरतोय. रिपोर्टचं खरंच डोक्यात नव्हतं. बाटली मात्र आणलीय, मिऱ्याएवढे सतरा खडे, सासूबाई आल्यागेल्याला दाखवतात. काल फोन केला तर रिपोर्ट आठवड्यापासून तयार पडलाय म्हणे. सोमवारी आणते.

आमटी आधी काढून ठेवायची युक्ती आजच केली. वाटपाशिवायची मुगाची आमटी, वर आमसूल. बेचव नव्हती हो, पण चुलीवर दुसऱ्या टोपात वाटपाला उकळी येत होती, त्या वासाचं काय करायचं?

मोदकाचं मात्र कोणी बोललंच नाही.

रत्नागिरीची परिचारिका
तोवर पोट ठीक असेल तर एक. वर तूप न सोडता. आणि सासूबाईंची पाठ असताना नको, समोरच खा, म्हणजे दुसरा वाढताना त्यांना आठवण राहील.