बुडबुड्यांचा मड: तळाला वजन कुठलं धरायचं?

प्रश्न
विहीर ड्रिल करतोय. २००० मीटरवर बारीक भेगांचा चुनखडक, खडकातला दाब उतरून १३७ बारवर आलेला. ताशी ६ घनमीटर मड (ड्रिलिंगसाठी विहिरीत फिरवतो तो द्रव) भेगांत जातोय. कॅल्शियम कार्बोनेटच्या दोन पिल (भेगा बुजवायला सोडलेला दाट मडचा घोट) टाकल्या, चार तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आता झँथन (दाटपणा आणणारा गोंद) आणि सरफॅक्टंट (साबणासारखं फेस धरणारं रसायन) घालून मायक्रो-बबल, म्हणजे बारीक हवेच्या बुडबुड्यांचा मड केलाय. बॅलन्सवर (मडची घनता मोजायचा काटा) पाण्याच्या तुलनेत १.०४ चा ०.८९ झाला. म्हणजे तळाचा दाब २०४ ऐवजी १७५ बार, बरोबर ना?

उत्तर १ (जुना मडवाला)
चूक. ०.८९ हे टाकीतलं वजन. १४ टक्के हवा २०० बारखाली दबली की उरते नावापुरती, आणि मड परत १.०४ च्या आसपास. प्रेशराइज्ड बॅलन्स (मड दाबून, हवा दबवून मोजणारा काटा) वापरा, तोच खरं सांगेल. ओव्हरबॅलन्स (खडकातल्या दाबापेक्षा मडचा जास्तीचा दाब) ६७ बारच धरा.

मग बुडबुडे कशाला? साध्या फेसाला एक पातळ पडदा असतो. इथे हवेभोवती सरफॅक्टंट, त्यावर घट्ट पाण्याचा थर, वर पुन्हा सरफॅक्टंट, म्हणून तो सहज फुटत नाही. ६० मायक्रॉनचा बुडबुडा तळाला दहाएक मायक्रॉनचा होतो. मड भेगेत शिरला की बुडबुडे द्रवाच्या पुढे धावतात, दाब कमी होईल तसे फुगतात आणि तोंडाशी दाटी करतात. पण माझ्या मते निम्मं काम झँथनचंच: भेगेत वेग मंदावला की मड जेलीसारखा थिजतो. सरफॅक्टंटवर खर्च करून झँथनमध्ये काटकसर करू नका.

मोठी पोकळी असेल तर मात्र नाद सोडा, सिमेंटच.

उत्तर २
ड्रिलरच्या बाजूने सांगतो. हवेमुळे पंपाची एफिशियन्सी पडते, पंपाचे स्ट्रोक मोजून मडचा हिशोब ठेवला तर लॉस (मड खडकात जाणं) नसतानाही लॉस दिसतो. एमडब्ल्यूडीचे (तळाची मोजमापं वर पाठवणारं उपकरण) मडमधून येणारे दाबाचे पल्सही क्षीण येतात.

प्रश्नकर्ता
बापरे, मी स्ट्रोकवरूनच मोजत होतो! टाकीची पातळी बघतो. रात्रपाळीला काही खास सांगून ठेवू?

उत्तर १ (जुना मडवाला)
एकच. डीफोमरचे (फेस मारणारं रसायन) कॅन कुलुपात ठेवा. आमच्याकडे एकाने टाकीत फेस बघून इमानदारीने दोन कॅन ओतले. सकाळी बॅलन्सवर १.०३, आणि तो मला अभिमानाने सांगत होता, ‘साहेब, मड साफ केला.’