‘चालकाचे डोळे दिसत नाहीत’ हा इशारा फक्त रात्री येतो. कॅमेरा बदलावाच लागेल का?

सांजदिवा

गाडी इलेक्ट्रिक एसयूव्ही आहे, लेव्हल २ वाली: पुढच्या गाडीशी अंतर राखणारं क्रूझ आणि लेनच्या मधोमध ठेवणारं स्टीअरिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण करायचं नाहीये. चालकावर लक्ष ठेवणारा कॅमेरा स्टीअरिंग कॉलमच्या कव्हरवर, मीटरच्या अलीकडे आहे.

दिवसा काहीच तक्रार नाही. अंधार पडला की पाच-दहा मिनिटांत ‘चालकाचे डोळे दिसत नाहीत’ असं येतं, मग बीप वाजतो आणि लेन-असिस्ट स्वतःहून बंद होतं. मला चष्मा आहे, अँटी-ग्लेअर कोटिंगवाला. बायको चालवते तेव्हा (तिला चष्मा नाही) इशारा क्वचित येतो.

स्कॅनरवर (गाडीचे बिघाड-कोड वाचणारं यंत्र) कॅमेऱ्याचा एक कोड आहे, शेवटचे दोन अंक ९७. जुन्या नोंदींत आणखी एक, शेवटी १६. सर्व्हिस सेंटरने कॅमेरा मॉड्यूल बदलायचं अंदाजपत्रक दिलंय. बदलायच्या आधी घरी काय काय तपासता येईल?

---

ओहमचा_नियम

कोडचे शेवटचे दोन अंक आधी नीट वाचा, तिथे निम्मं उत्तर असतं. ही शेपटी प्रमाणित आहे. जी कंपनी ही पद्धत वापरते तिच्याकडे अर्थ तोच राहतो, बदलतो तो बी किंवा यू ने सुरू होणारा पुढचा भाग. ९७ म्हणजे कामात अडथळा, समोर काहीतरी आड येतंय. मॉड्यूल आतून गेलं असतं तर ४९ किंवा ९६ दिसलं असतं. १३ म्हणजे सर्किट तुटलेलं, ८७ म्हणजे मॉड्यूलकडून संदेशच येत नाही, ५४ म्हणजे कॅलिब्रेशन झालेलं नाही, ७८ म्हणजे कोन चुकलाय, ४बी म्हणजे तापलाय, १६ म्हणजे व्होल्टेज कमी. तुमच्याकडे ९७ आणि १६ आहेत. या दोन्हींपैकी एकही ‘कॅमेरा मेला’ असं म्हणत नाही.

हा कॅमेरा स्वतःचा उजेड घेऊन बसलेला असतो. शेजारी इन्फ्रारेड एलईडी असतात, बहुतेक गाड्यांत ९४० नॅनोमीटरचे, काहींत ८५० चे. ९४० निवडण्याची दोन कारणं: डोळ्याला लाल ठिपका दिसत नाही, आणि हवेतली वाफ सूर्यप्रकाशातला नेमका तोच पट्टा बराचसा शोषते, त्यामुळे दिवसा उन्हाशी झुंज कमी. कॅमेऱ्यावर त्याच पट्ट्यापुरता फिल्टर असतो आणि एलईडी सतत न पेटता प्रत्येक फ्रेमच्या क्षणापुरते चमकतात.

म्हणून तक्रार *कधी* येते ते सगळ्यात महत्त्वाचं. फक्त रात्री आली तर उजेडाचा प्रश्न: एलईडी गेलेत, किंवा बाहेरचा दुसरा इन्फ्रारेड उजेड आडवा येतोय. फक्त दिवसा, ठरावीक दिशेला जाताना आली तर तिरपं ऊन. संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडे जाताना इशारा येत असेल आणि कामशेतच्या बोगद्यात शिरल्यावर जात असेल, तर गाडीत काही बिघडलेलं नाही. दुपारी उन्हात उभी केलेली गाडी सुरू केल्यावर येऊन एसी लागला की गेली तर तापमान. खड्ड्यावर आली तर कनेक्टर. स्टीअरिंगची उंची बदलल्यावर गेली तर चाकाची रिम आड येत होती.

एलईडी तपासायला मोबाइल पुरतो. गाडी अंधारात ‘रेडी’ मध्ये (म्हणजे सुरू, चालायला तयार) ठेवा आणि मोबाइलच्या *पुढच्या* कॅमेऱ्यातून मॉड्यूलकडे बघा. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड रोखणारा फिल्टर असतो, त्यात काही दिसलं नाही म्हणून एलईडी मेला असं ठरवू नका. आधी टीव्हीचा रिमोट दाबून त्याच कॅमेऱ्यात दिसतो का ते बघून घ्या. एलईडी चालू असेल तर फिकट जांभळा, थोडा लुकलुकणारा ठिपका दिसेल. दोन एलईडी असतील तर दोन्ही दिसायला हवेत. उघड्या डोळ्याने अगदी जवळून टक लावून बघत बसू नका, दिसत नसला तरी उजेडच आहे तो.

---

काचकाम

एक साधी गोष्ट आधी उरकून घ्या. गाडी धुवायला देता तेव्हा शेवटी डॅशबोर्डवर चमकणारं पॉलिश मारतात ना? त्यातलं सिलिकॉन कॅमेऱ्याच्या काळ्या खिडकीवर बसतं. डोळ्याला ती स्वच्छच दिसते, पण एलईडीचा उजेड त्या थरातून पसरून परत कॅमेऱ्यात शिरतो आणि चित्र धुरकट होतं. दिवसा निभावतं, रात्री सगळा उजेड एलईडीचाच असल्यामुळे उघडं पडतं.

पुसायची रीत: आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवा, नाहीतर पुसताना चरे पडतील. मग नवीन मायक्रोफायबरवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब. थेंब कापडावर, खिडकीवर थेट फवारा नाही, कडेने आत उतरतो. एकाच दिशेने हलक्या हाताने दोनदा पुसा, मग कोरड्या बाजूने एकदा. थिनर, अ‍ॅसिटोन आणि अमोनियावाला काचेचा क्लीनर लांब ठेवा. ती खिडकी काच नाही, प्लॅस्टिक आहे. एकदा पांढुरकी झाली की मग खरंच बदलावी लागते.

आणि स्टीअरिंगवर जाड शिवलेलं कव्हर असेल तर काढून बघा. रिम जाड झाली की कॅमेऱ्याची नजर वरच्या कडेने कापली जाते. शिवाय रिममध्ये हात ओळखणारा सेन्सर असेल तर तोही गोंधळतो.

---

रस्ता_मोकळा

कॅमेऱ्यावर काळी टेप लावा, कटकट संपली.

---

ओहमचा_नियम

संपणार नाही. टेप लावली की ९७ कायमचा बसतो आणि बहुतेक गाड्यांत लेन-असिस्ट सुरूच होत नाही. ज्यांत होतं त्यांत कार रस्ता सांभाळतेय की नाही हे बघणारं माणूस जागं आहे की नाही, हे कोणीच बघत नाही. पुढे बोलू.

---

सांजदिवा

तपासलं ते लिहितो.

दोन्ही एलईडी पुढच्या कॅमेऱ्यात दिसतात, लुकलुकतात. खिडकी सांगितल्याप्रमाणे पुसली, कापडाला तेलकट डाग आला खरा. रात्री इशारा थोडा उशिरा आला, पण आला. स्टीअरिंग कव्हर नाही. उंची दोन्ही टोकांना नेऊन बघितली, फरक नाही.

१२ व्होल्टची बॅटरी सकाळी १२.१ दाखवते. ‘रेडी’ मध्ये १४.१.

विसरलो होतो: दोन महिन्यांपूर्वी डॅशकॅम बसवलाय, पुढचा आणि आतला असा दोन कॅमेऱ्यांचा. पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग) चालू असतो. याचा संबंध असेल का?

---

ओहमचा_नियम

असेल? बहुतेक तोच आहे, आणि दोन्ही कोडचं कारण तो एकटा असू शकतो.

आधी ९७ बघू. आत बघणाऱ्या डॅशकॅमला स्वतःचे इन्फ्रारेड एलईडी असतात आणि ते अंधार पडला की आपोआप पेटतात. तुमचा इशाराही अंधार पडल्यावरच येतो. हे एलईडी गाडीच्या कॅमेऱ्याशी ताल जुळवत नाहीत, सतत पेटलेले असतात आणि काचेच्या बाजूने तुमच्या तोंडावर पडतात. गाडीचा कॅमेरा बुबुळावर स्वतःच्या एलईडीचा ठिपका शोधत असतो, त्याला आता आणखी ठिपके दिसतात. चष्म्यामुळे अजून बिघडतं. अँटी-ग्लेअर कोटिंग डोळ्याला दिसणाऱ्या उजेडासाठी जमवलेलं असतं, इन्फ्रारेडमध्ये तेच कोटिंग उलट जास्त चकाकू शकतं आणि बाहुलीवर पांढरा डाग बसतो. वहिनींना चष्मा नाही म्हणून त्यांना त्रास कमी.

खात्री करायची सोपी युक्ती: अंधारात डॅशकॅमच्या एलईडींकडे उघड्या डोळ्याने बघा. मंद लाल दिसले तर ते ८५० चे, आणि गाडीचा कॅमेरा ९४० चा असेल तर त्याचा फिल्टर ते बरेचसे अडवतो. काहीच दिसलं नाही आणि मोबाइलमध्ये मात्र दिसले तर तेही ९४० चे, म्हणजे थेट एकाच पट्ट्यात. मग डॅशकॅमची आतली बाजू मेन्यूतून बंद करा. मेन्यूत सोय नसेल तर प्लग काढा. त्याच रस्त्यावर, त्याच चष्म्याने, किमान दोन-तीन रात्री चालवून बघा. चष्मा काढून चाचणी घेऊ नका. हवं तर उभ्या गाडीत स्कॅनरचा लाइव्ह डेटा लावा. ‘चेहरा सापडला’ आणि ‘डोळे सापडले’ अशा नोंदी मिळाल्या तर डॅशकॅम चालू-बंद करून तिथल्या तिथे फरक दिसेल.

आता १६. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर विश्रांतीत १२.६ च्या आसपास हवी. १२.१ म्हणजे निम्म्याखाली. (बॅटरी लिथियमची असेल तर हे आकडे लागू नाहीत.) डॅशकॅम पार्किंग मोडमध्ये ०.३ अँपिअर ओढतो असं धरलं तरी १० तासांत ३ अँपिअर-तास, आणि गाडी चार दिवस उभी राहिली तर जवळजवळ २९. इलेक्ट्रिक गाडीतली १२ व्होल्टची बॅटरी मुळात लहान असते, कारण तिला स्टार्टर फिरवायचा नसतो. सगळ्याच गाड्या उभ्या असताना मोठ्या बॅटरीतून तिला भरत नाहीत. मग सकाळी मॉड्यूल जागी होताना व्होल्टेज कोसळतं आणि १६ ची नोंद पडते. ‘रेडी’ मध्ये १४.१ आहे, म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्टची बॅटरी भरणारा भाग) ठणठणीत आहे.

एक खबरदारी: दार उघडलं की गाडी जागी होते आणि आकडा खोटा येतो. बॉनेट आधी उघडून ठेवा, गाडी लॉक करा, अर्धा तास थांबा, मग मोजा.

---

तारजुळारी

डॅशकॅमची वायर कुठून घेतलीय तेही बघा. फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज-टॅप (असलेल्या फ्यूजवरून जादा वायर काढायचा जोड) लावून घेतली असेल तर कोणत्या फ्यूजवरून? कॅमेऱ्याच्या किंवा एडीएएसच्या (लेन-असिस्टसारख्या चालक-साहाय्य यंत्रणेच्या) फ्यूजवरून घेतलेली बघितली की बसवणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात. दिव्याच्या किंवा १२ व्होल्ट सॉकेटच्या फ्यूजवरच घ्यावी.

हे सगळं करूनही राहिलं तरच कव्हर उघडा. क्रम असा: स्टीअरिंग आधी एका बाजूला ९० अंश, मग दुसऱ्या बाजूला फिरवून पुढचे स्क्रू सोडवा आणि चाक सरळ करून ठेवा. बॅटरी काढल्यावर स्टीअरिंग लॉक झालं तर ते स्क्रू हाताला येत नाहीत. मग १२ व्होल्टची निगेटिव्ह काढा आणि एअरबॅगसाठी मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. मॅन्युअल हाताशी नसेल तर १० मिनिटं थांबलेलं बरं. एअरबॅग काढायची गरज नाही, खालचं-वरचं कव्हर क्लिपांवर असतं. नारिंगी (उच्च व्होल्टेजच्या) तारांचा इथे काही संबंध येत नाही.

कॅमेऱ्याला बहुधा एकच बारीक कोअ‍ॅक्स केबल असते (मधे एक तार, भोवती धातूची जाळी), फाक्रा नावाच्या कनेक्टरची. वीज आणि चित्र दोन्ही तिच्यातूनच. कनेक्टरचा खटका पूर्ण बसलाय का बघा, अर्धवट बसलेला दिवसभर चालतो आणि खड्ड्यावर सुटतो. केबल मोजायची तर *दोन्ही* टोकं सोडवून: मधली तार टोकापासून टोकापर्यंत १ ओहमच्या आत, मधली तार ते जाळी पूर्ण खुली. केबलवर ५० ओहम लिहिलंय म्हणून मल्टिमीटरवर ५० शोधू नका, तो आकडा उच्च वारंवारितेचा आहे, मीटरला दिसत नाही. केबल घट्ट दुमडून झिप-टायने आवळू नका. आणि तुटली तर जोड मारू नका, पूर्ण बदला.

कव्हर परत बसवताना कॅमेरा तिरका राहिला तर नजरेची दिशा तितकीच चुकते. ६५ सेंटीमीटरवरच्या चेहऱ्यासाठी २ अंश म्हणजे सव्वादोन सेंटीमीटर. मग ७८ येतो. मॉड्यूल बदललं तर कोडिंग (नवं मॉड्यूल गाडीशी जुळवणं) आणि कॅलिब्रेशन लागतंच, नुसतं बसवून चालत नाही.

---

सांजदिवा

डॅशकॅमचे एलईडी डोळ्याला अजिबात दिसत नव्हते, मोबाइलमध्ये मात्र चार लखलखीत ठिपके. आतली बाजू मेन्यूतून बंद केली, कोड पुसले. चार रात्री त्याच रस्त्यावर, त्याच चष्म्याने: एकही इशारा नाही. पाचव्या रात्री मुद्दाम आतली बाजू चालू केली, सात मिनिटांत इशारा परत.

वायर सॉकेटच्याच फ्यूजवरून आहे. पार्किंग मोड बंद केला, बॅटरी चार्जरवर भरली, आता सकाळी १२.५. अंदाजपत्रक रद्द करून घेतलं.

आतलं रेकॉर्डिंग पण हवंय, त्याला काही मार्ग?

---

ओहमचा_नियम

मेन्यूत ‘आतला कॅमेरा चालू, इन्फ्रारेड बंद’ असा वेगळा पर्याय आहे का बघा. नसेल तर त्या चार एलईडींवर अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, लेन्स मोकळी ठेवून. साधी काळी टेप लावायची असेल तर आधी मोबाइलमधून बघा, काही काळं प्लॅस्टिक इन्फ्रारेड आरपार सोडतं. रात्रीचं आतलं चित्र काळं येईल, दिवसाचं येईल. १६ चा कोड महिन्याभरात परत आला तर बॅटरीची लोड टेस्ट (भार देऊन व्होल्टेज टिकतं का ते बघणं) करून घ्या, दोन महिने अर्धी रिकामी राहिलेल्या लेड-अ‍ॅसिडची क्षमता उतरलेली असू शकते.