यात्रेला अख्खं गाव, वॉर्डसभेला मूठभर: हे किती वर्षं चालवायचं?

पश्चिमभाग_बेळगाव
गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत गावात काय काय झालं, ते आठवून लिहितोय. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं आहे. नाव देत नाही, कारण हीच गोष्ट आजूबाजूच्या बहुतेक गावांत आहे.

पोरांनी किल्ले केले. थंडीत शेजारच्या गावात साहित्य संमेलन झालं. कडोली, उचगाव, कुद्रेमनी, येळ्ळूर अशी गावंच्या गावं स्वतःच्या हिमतीवर संमेलनं भरवतात आणि लोक भाकरी बांधून ऐकायला जातात, हे बाहेरच्यांना सांगितलं तरी पटत नाही. माघात पारायण झालं. वैशाखात शिवजयंती, आषाढीला दिंडी, मग गणपती, मग नवरात्रातली दौड.

आणि यंदा बऱ्याच वर्षांनी महालक्ष्मीची यात्रा झाली. त्याआधी वार पाळणूक. ठरलेल्या वारी शेताला कुणी गेलं नाही, गिरणीसुद्धा बंद. घरटी पट्टी ठरली, शेतावर वेगळी पट्टी ठरली आणि गल्लीवार वसूलही झाली. पाण्याचे टँकर, गाड्या लावायची जागा, लाईट, माहेरवाशिणींच्या जेवणावळी, सगळं वाटून घेतलं. देवी गदगेवर, म्हणजे यात्रेपुरत्या चौथऱ्यावर, बसली ती उठेपर्यंत कुठं गोंधळ नाही. नंतर देवळासमोर हिशेब वाचला. मांडववाल्याला एवढे का दिले, उरलेले पत्रे कुणाकडे आहेत, इथपर्यंत माणसांनी विचारलं आणि पंचांनी उत्तरं दिली.

त्याच वर्षात आमच्या वॉर्डची वॉर्डसभा, म्हणजे वॉर्डातल्या सगळ्या मतदारांची ग्रामपंचायतीची सभा, मराठी शाळेच्या खोलीत झाली. कायद्याने ती सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यायची असते आणि वॉर्डातले दहा टक्के मतदार किंवा वीस, यांत जो आकडा कमी असेल तेवढे आले तरी पुरे. तेवढेही जमवायला शिपायाला घरोघर फिरावं लागलं. घरकुलाची यादी तिथंच ठरते. गटार कुठली, रस्ता कुठला, हेही तिथंच. केंद्राकडून येणाऱ्या १५ व्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच लावावा लागत होता, उरलेला ४० टक्के कशाला लावायचा ते गावाने सांगायचं होतं. गावाने काहीच सांगितलं नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी ठरवलं. मग पंचायतीची जमाबंदी होती, म्हणजे वर्षभराचा जमाखर्च लोकांपुढं मांडायचा दिवस. तिथं विचारणारं कुणीच नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या गावाला यात्रा चालवता येते त्या गावाला पंचायत चालवता येते. अंगात बळ आहे, आपण ते तिथं लावत नाही. पुढच्या वॉर्डसभेला यात्रेच्या पंचांनी प्रत्येक गल्लीतून माणसं आणावीत, पट्टीला आणतात तशीच. २०२० च्या डिसेंबरात निवडून आलेल्या मंडळाची मुदत पाच वर्षांचीच. नव्या निवडणुकीआधी ही सवय लागली पाहिजे.

सीमाभाग_एकीकरण
दादा, कळकळ समजते, पण लोक का येत नाहीत याचं खरं कारण तुम्ही लिहिलंच नाही. यात्रेचा हिशेब मराठीत वाचला. जमाबंदीचा कागद कुठल्या भाषेत होता?

१९८१ च्या कायद्याने कर्नाटकात स्थानिक संस्थांचा कारभार कन्नडमधून करायचा ठरला. नोटीस कन्नड, ठराव कन्नड, घराचा उतारा कन्नड. साठीतल्या माणसाने त्या खोलीत बसून करायचं काय? मान हलवायची आणि वहीवर अंगठा द्यायचा. राज्यं झाली तेव्हाच, १९५६ साली, भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलं होतं की जिथं त्यांची वस्ती १५ टक्क्यांच्या वर आहे तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या. आमच्या गावात मराठी माणूस १५ टक्के नाही, जवळजवळ सगळं गाव मराठी आहे. तरी एक ओळ मराठीत मिळत नाही.

यात्रा आपली आहे, म्हणून माणूस पट्टी देतो आणि हिशेब मागतो. पंचायत आपली वाटावी असं तिथं काही ठेवलेलंच नाही. अशा सभेला गल्लीगल्लीतून माणसं नेऊन बसवणं म्हणजे सगळं ठीक चाललंय असं वहीत लिहून देणं. हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो निकाली निघेपर्यंत निदान भाषेचा हक्क तरी मागू. आधी कागद मराठीत, मग गर्दी.

उद्यमबाग_पहिलीपाळी
मी फौंड्रीत आहे. वॉर्डसभा कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता ठेवली की आम्ही यायचं कसं? निम्मी पोरं उद्यमबाग नाहीतर मच्छेच्या कारखान्यांत कामाला, बाकीची गोव्यात. यात्रेला रजा टाकतो कारण तारीख वर्षभर आधी ठरते. सभेची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर कधी लागली आणि कधी निघाली तेही कळत नाही. भाषा नंतर बघू, आधी वेळ बदला.

सदस्या_ग्रामपंचायत
मी निवडून आलेली सदस्या आहे, राखीव जागेवरची. तुमच्या तालुक्यातली, गाव दुसरं. दोन गोष्टी बोलते.

पहिली पश्चिमभाग दादांना. यात्रेच्या पंचांनी माणसं आणावीत म्हणता. दादा, तुमच्या पंच कमिटीत बाई किती? आमच्या गावात एकही नाही. देवीची यात्रा, ओटी आम्ही भरायची, घर सारवायचं आम्ही, शंभर माणसांचा स्वयंपाक आम्ही करायचा आणि देवळासमोर हिशेब वाचताना आम्ही लांब उभं राहून ऐकायचं. वरच्या आळीतल्या मागास घरांकडून पट्टी घेता, त्यांच्यातला पंच कधी केला का? कर्नाटकात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, मागासांनाही राखीव जागा आहेत. ते कायद्याने दिलंय, गावाने दिलेलं नाही. वॉर्डसभा पंचांच्या हातात दिली तर जी एक जागा आमच्यासाठी उघडली आहे ती परत बंद होईल. यात्रेचं बळ पाहिजे, पण यात्रेचा कारभार जसा आहे तसा पंचायतीत नको.

सुरुवातीला मालकच माझ्या खुर्चीवर बसायचे. सह्या घरी यायच्या. मग तलावातला गाळ काढायचं काम निघालं. रोजगार हमीवर सगळ्या बायकाच होत्या आणि हजेरीत नावं चुकली म्हणून मजुरी अडकली. त्या बायका माझ्याकडे आल्या, मालकांकडे गेल्या नाहीत. तेव्हापासून सभेला मी एकटी जाते.

दुसरी एकीकरण दादांना. कन्नड मलाही येत नव्हतं. पीडीओंना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, सभेत उभं राहून म्हटलं, मराठीत सांगा, नाहीतर मी सही करत नाही. त्यांनी सांगितलं. त्यांना मराठी येतं हो, बोलायला कुणी लावत नाही. कागद बदलला नाही हे खरं, पण आमची घरकुलाची यादी मी ओळ न ओळ वाचून घेतली आणि ज्यांचं माडीचं घर आहे त्यांची नावं काढायला लावली. मी कागद मराठीत होईपर्यंत घरी बसले असते तर ती नावं तशीच राहिली असती.

पूर्वभाग_शेतकरी
आमच्या घरात आई कानडी बोलते आणि बाप मराठी. गावही तसंच आहे. ज्यांच्या घरासमोर गटार तुंबते ते दोन्ही भाषांतले आहेत. सभेत एक माणूस कानडी बोलतो, दुसरा मराठीत उत्तर देतो आणि सगळ्यांना कळतं. आमच्याकडे भांडण भाषेवरून होत नाही, कुठल्या गल्लीत आधी बोअर मारायची यावरून होतं. एकीकरणवाल्यांची कागदाची मागणी रास्त आहे, दोन्ही भाषांत नोटीस लागली तर आमच्याच गावाचा फायदा. पण ती मिळेपर्यंत सभा सोडायची हे मला पटत नाही.

निवृत्त_मास्तर
मूळ धाग्याला माझा विरोध आहे आणि कारण वेगळं आहे.

वार पाळणुकीच्या दिवशी गावातले दोन्ही गट, पंचायतीत एकमेकांचं तोंड न बघणारे, शेतं सोडून चव्हाट्यावर बसतात. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ यात्रेआधी पंचांसमोर बसून मिटवतात, कारण घरात भांडण ठेवून देवीला बसवायचं नसतं. यात्रेच्या निमित्ताने गल्ल्या रुंद झाल्या, अतिक्रमणं माणसांनी आपल्या हाताने काढली. पंचायतीच्या नोटिशीने ती निघाली नव्हती. गावात पक्ष नसलेली ही एकच जागा शिल्लक आहे. तिला पंचायतीच्या राजकारणात ओढाल तर पंचायत सुधारायची राहील आणि देऊळ फुटेल.

हे मी हवेत बोलत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तरी प्रत्येक पॅनेलमागं कोण आमदार आहे ते शेंबडं पोरही सांगतं. २०२० च्या निवडणुकीत राज्यात काही ठिकाणी सदस्यपदाचे लिलाव झाले, देवळाला जास्त पैसे देईल त्याला बिनविरोध जागा. निवडणूक आयोगाला ते बेकायदा आहे म्हणून सांगावं लागलं. देऊळ आणि पंचायत एका हातात गेली की असंच होणार. सदस्या ताईंचं पंच कमिटीबद्दलचं म्हणणं मात्र मान्य आहे. कमिटीत बायका घेतल्याच पाहिजेत, आणि सगळ्या वस्त्यांतून.

पश्चिमभाग_बेळगाव
मास्तर, ताई, तुमचं दोघांचं धरूनच पुढं मांडतो. पंचांनी वॉर्डसभा चालवू नये. पण गल्लीतल्या ज्या पोरांनी टँकर लावले आणि ज्या बायकांनी एवढी जेवणं उठवली त्यांना सभेला बोलवायला देवळाचं नाव कशाला हवं? बोलवणारे आपणच. आणि सभेची वेळ बदला, हे उद्यमबागवाल्या भावाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, संध्याकाळी सातला ठेवू.

एकीकरण दादांना मात्र माझं उत्तर तेच आहे. मी स्वतः १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीला जातो, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जातो आणि जातच राहीन. पण ज्या वॉर्डात चारशे लोकांमागे आपला एक सदस्य आहे, तिथली सभा रिकामी ठेवून मराठीचं काय भलं झालं ते मला दाखवा. जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीची मुदत २०२१ मध्ये संपली, तेव्हापासून तिथं निवडणूकच नाही, अधिकारीच कारभार बघतात. आपल्या हातात उरलंय ते एवढंच. तेही सोडायचं?

सीमाभाग_एकीकरण
सोडायचं म्हणत नाही. पण स्थानिक संस्थेत बसून सगळं मिळतं, हा विश्वास मला नाही, आणि त्याला कारण आहे. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. बहुमताने केला, निवडून आलेल्या माणसांनी केला. पालिकाच बरखास्त झाली. २०१४ ला येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक काढला तेव्हा गावाने काय सोसलं ते सगळ्यांनी बघितलं. म्हणजे गटारीवर बोला, घरकुलावर बोला, पण भाषेवर बोलाल तर संस्थाच राहणार नाही. ही मर्यादा मान्य करून जो कारभार चालतो त्याला गावाचं स्वराज्य म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ताईंनी जे केलं त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण पीडीओ चांगला निघाला म्हणून त्यांचं जमलं. उद्या बदली झाली, दुसरा आला आणि म्हणाला कन्नडमध्येच बोलणार, मग? हक्क माणसाच्या स्वभावावर ठेवायचा नसतो, तो कागदावर पाहिजे.

सदस्या_ग्रामपंचायत
बदली झालीच आहे, दादा. नवीन आलेल्यांना मराठी येत नाही. म्हणून गेल्या सभेला आम्ही वेगळी सोय केली. आपल्या मराठी शाळेतल्या पोरी कन्नड शिकतातच, सक्तीचंच आहे. दहावीच्या दोघींना बसवलं. त्यांनी कागद वाचला आणि बायकांना मराठीत सांगितला. एका आजीने विचारलं, पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती वर्षात इतक्या वेळा कशी लिहिली? बिलं मागवली आहेत, अजून आली नाहीत.

आणि मास्तर, गल्ल्या यात्रेमुळे रुंद झाल्या हे खरं. पण त्या गल्लीतली गटार कोण बांधणार? यात्रेची पट्टी पुरुष माणसं आधी नेऊन देतात, पाणीपट्टी मात्र वर्षानुवर्षं थकवतात, आणि नळाला पाणी आलं नाही की शिव्या मला. याच्यावर कुणी बोलेल का?

उद्यमबाग_पहिलीपाळी
बोलतो की. आमची दोन वर्षांची राहिली होती, घरात भांडून काल भरली. पावतीवर काय लिहिलंय ते वाचता येईना, एवढं मात्र एकीकरणवाल्यांचं खरं.

सीमाभाग_एकीकरण
बरं. मग मी सभेला येतो, पण गर्दी वाढवायला नाही. नोटीस, घरकुलाची यादी, जमाबंदीचा गोषवारा आणि पट्टीची पावती कन्नडसोबत मराठीतही द्यावी, असा ठराव मी आमच्या वॉर्डसभेत मांडणार. वहीत लिहून घेतला नाही तर उठून जाणार, आणि का उठलो ते बाहेर सांगणार.

सदस्या_ग्रामपंचायत
मांडा. तोंडी सांगू नका, लिहून न्या, तारीख घाला आणि एक प्रत पोच घेऊन ठेवा. तुमच्या वॉर्डातल्या बाई सदस्याला अनुमोदक करा, तिच्या मालकांना नको. आमच्या गावात तोच ठराव मी मांडते. आमचा पहिला विषय मात्र मोटारीच्या बिलांचा राहील.